भोर घाट, अकरा फुटांच्या भिंतीवर

मॉडेल रेल्वेच्या नादात आधी खेकडा घेतला आणि मग त्याच्यासाठी घाट शोधायला निघालो. खरं तर हे उलट व्हायला हवं होतं.

खेकडा म्हणजे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने 1928 पासून घाटातल्या मालगाड्यांसाठी आणलेलं विजेचं इंजिन. कागदोपत्री ईएफ/1, पुढे डब्ल्यूसीजी-1. मधे केबिन, पुढेमागे लांब नाकं आणि चाकं एकमेकांना जोडणारे जाड दांडे. पहिली काही इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथुरहून आली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून. सगळी मिळून 41. त्यातलं ‘सर लेस्ली विल्सन’ दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. या खेकड्याचं मॉडेल बाजारात सहज मिळत नाही, पण त्याचं स्विस भावंड, आल्प्समधलं ‘क्रोकोडाइल’, मिळतं. ते मी घेतलं. किंमत घरात कमी करून सांगितली.

मग कागदावर लेआउट (मॉडेल रेल्वेची मांडणी) काढला. खंडाळ्याखालचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन (गाडी थांबून उलट दिशेने निघायची ते), बाजूला दरी, डोक्यावर विजेच्या तारा आणि फलाटाशी खेकडा. चित्र देखणं झालं होतं. आमच्या सोसायटीत एक निवृत्त गार्ड राहतात. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी कर्जत-लोणावळा केलेलं आहे. चहाला आले, चष्मा वर करून कागद पाहिला आणि म्हणाले, “या स्टेशनावर तारा कुठल्या रे आणल्यास?”

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी सांगितलं ते एवढंच: घाटात वीज आली आणि रिव्हर्सिंग गेलं. दोन्ही 1929 ची गोष्ट. विजेच्या गाड्यांसाठी नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला, त्याबरोबर गाडीचं तोंड फिरवायची गरजच उरली नाही. म्हणजे खेकड्याने रिव्हर्सिंग स्टेशनावर कधी पाऊल ठेवलंच नव्हतं. दोघांची भेट फक्त माझ्या कागदावर झाली होती.

या एका प्रश्नाने माझा सगळा बेत उलटापालटा झाला. पुढची पावणेदोन वर्षं काय केलं, काय वगळलं आणि का, त्याची ही हकिकत. आपल्याकडे लेआउट करणारे बहुतेक जण मी केली तीच चूक करतात: आवडलेलं इंजिन आधी, जागा मग, आणि खरी रेल्वे सगळ्यात शेवटी. कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात लहानपणी जे पाहिलं ते डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की भरपूर गाड्या, भरपूर दिवे, सगळं एकदम हवं असतं. संग्रहालयाला ते शोभतं. माझ्याकडे होती अकरा बाय नऊची खोली आणि त्यात एक कपाट. ते कपाट हलणार नाही, असं घरातून स्पष्ट सांगण्यात आलं होतं.

आकडे आधी

पहिलं काम घाटाची मापं मिळवण्याचं. इथे नशीब चांगलं निघालं. भोर घाटाचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी 1860 मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे जीआयपीवर निबंध वाचला होता. त्यात घाटाची जवळजवळ सगळी मापं आहेत. चढाची लांबी पावणेसोळा मैल. पायथा समुद्रसपाटीपासून 196 फुटांवर, माथा 2,027 फुटांवर, म्हणजे चढ 1,831 फुटांचा. बोगदे 25, मोठे व्हायाडक्ट (कमानींवरचे उंच पूल) 8. सगळ्यात तीव्र चढ 37 फुटांना एक फूट. वळणांची त्रिज्या कमीत कमी 15 चेन (एक चेन म्हणजे 66 फूट). बर्कले स्वतः घाट सुरू झालेला पाहू शकले नाहीत. 1862 मध्ये ते वारले आणि उद्घाटन झालं 21 एप्रिल 1863 ला.

आता ही मापं मॉडेलच्या प्रमाणात आणायची. मी 1:76 धरलं (का, ते पुढे). पावणेसोळा मैलांचे होतात सुमारे 333 मीटर रूळ. आमच्या सोसायटीच्या कुंपणाभोवती एक फेरी, वर थोडं शिल्लक. 1,831 फूट चढाचे होतात 24 फूट. म्हणजे कर्जत तळमजल्यावर ठेवलं तर लोणावळा दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात निघतं. 15 चेनची त्रिज्या म्हणजे 13 फूट, आणि माझी अख्खी खोली अकराची.

हे गणित प्रत्येकाने एकदा तरी करावं. मला त्यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली सगळ्यांनाच माहीत असते: सगळा घाट कुणालाच करता येत नाही. दुसरी माझ्या अजिबात ध्यानात आली नव्हती. लांबी छोटी करावी लागते, उंची छोटी करावी लागते, वळण तर फारच आवळावं लागतं. पण चढाचं प्रमाण मात्र जसंच्या तसं घेता येतं. 37 ला एक म्हणजे 37 इंचांना एक इंच. मॉडेलची इंजिनं एवढा चढ कुरकुरत का होईना चढतात. खऱ्या घाटातली एक तरी गोष्ट काटछाट न करता माझ्या भिंतीवर येणार होती, आणि तीही घाटाचं मर्म असलेली. उतार जरा सौम्य केला तर इंजिनांना सोपं जाईल, असं मित्रांनी सुचवलं. मी ऐकलं नाही.

फोटोंचा घोळ

आकडे सरळ होते, फोटोंनी दमवलं. जुन्या इंग्रजीत घाट हा शब्द एक जादा ‘यू’ घालून लिहीत, भोरच्या शेवटी ‘ई’ लावत, लोणावळ्याचं तर काहीच्या काही करत. खोपोलीचं ‘कॅम्पूली’ झालं होतं. आजच्या स्पेलिंगने शोधलं की फार थोडं हाती लागतं. जुन्या स्पेलिंगने शोधलं की पेटारा उघडतो.

त्या पेटाऱ्यात मला रिव्हर्सिंग स्टेशनचा एक झकास फोटो मिळाला. दोन मार्ग चिंचोळ्या कोनात एकत्र येतात, मागे डोंगर. आठवडाभर मोजपट्टी घेऊन बसलो आणि त्यावरून फाट्याचा कोन काढला. मग लक्षात आलं की हा भोर घाट नाहीच, थळ घाट आहे, कसाऱ्याचा. थळ घाटातही 37 ला एकचाच चढ आहे आणि तिथेही रिव्हर्सिंग होतं. दोन्ही घाट एकाच कंपनीचे, एकाच काळातले. चित्र टाकणाऱ्याने खाली कोणताही घाट लिहिला तरी पाहणाऱ्याला पटतो. तेव्हापासून मी फोटोखालच्या मजकुरावर विसंबणं सोडलं. आधी डोंगराची रेघ पाहायची, खंडाळ्याजवळच्या नागफणी कड्याचं टोक कुठे दिसतं का ते पाहायचं, पुलाच्या कमानी मोजायच्या आणि मगच चित्रावर विश्वास ठेवायचा. थळ घाट लांबीला सव्वानऊ मैलांच्या आसपास आणि चढाला 972 फूट, म्हणजे भोरच्या जवळजवळ निम्मा. एहेगावचा उंच व्हायाडक्ट दिसला की समजायचं, आपण कसाऱ्याला आलो.

खात्रीचं चित्र मिळालं ते ॲलिस ट्रेडवेल यांच्या नावाशी जोडलेल्या अल्बममधून. ही बाई या घाटाच्या कथेत विलक्षण आहे. पहिल्या ठेकेदाराच्या काळात पगार थकल्यावरून मजुरांची दंगल झाली, 1859 मध्ये त्याने ठेका सोडला. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस मागे हटली नाही. तिने ठेका स्वतःकडे घेतला, दोन अभियंत्यांना कामावर देखरेखीला नेमलं आणि काम तडीस नेलं. 1861 च्या सुमारास या डोंगरात चाळीस हजारांवर मजूर होते. कड्यावरून दोराने लटकून पहारीने भोकं पाडायची, दारू ठासायची आणि वर ओढून घ्यायचं. किती जण गेले याचा हिशोब कुणी नीट ठेवला नाही. पटकीनेच फार माणसं नेली.

त्या काळातल्या फोटोंत मला हवं ते एक मिळालं: डोंगर उघडे आहेत. आज पावसाळ्यात एक्स्प्रेसवेवरून जाताना जी हिरवी भिंत दिसते, ती तिथे नाही. खोदलेला काळा दगड, खाली सरकलेला राडारोडा, तुरळक झुडपं. माझ्या पहिल्या चित्रात मी घाट हिरवागार केला होता, धबधब्यासकट. तो धबधबा खोडला.

कोणतं साल?

मॉडेलवाल्यांचा हा सगळ्यात कंटाळवाणा प्रश्न आहे आणि सगळं अडतं ते इथेच. ‘वाफेचा काळ’ म्हणून चालत नाही. खेकड्याचा धडा ताजा होता.

वरची हद्द ठरलेली होती: 1929 च्या आधी. खालचीही ठरलेली: 1863 नंतर. त्यापूर्वी घाटात गाडी नव्हतीच. 1858 मध्ये खंडाळा-पुणे सुरू झालं, खाली खोपोलीपर्यंत रूळ होते आणि मधला डोंगर लोक पालखीत, तट्टावर किंवा पायी चढत. या सहासष्ट वर्षांत नेमकं कुठे थांबायचं?

इथे मी डब्यांकडून विचार केला. रिव्हर्सिंग स्टेशनाचा एक निर्दय नियम आहे: पुढचा शेपटीचा रूळ अख्ख्या गाडीइतका लांब हवा. गाडी फाटा ओलांडून पूर्ण आत गेल्याशिवाय सांधा बदलता येत नाही. म्हणजे माझी गाडी किती लांब असू शकते हे माझ्या खोलीची दुसरी भिंत ठरवणार, आणि कपाट सोडून तिथे चार फूट उरतात. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याच्या धाटणीचा एक साधा डबा 1:76 मध्ये जवळजवळ 29 सेंटिमीटरचा होतो. सतरा डब्यांची गाडी पाच मीटरांची. तीन डब्यांची ‘एक्स्प्रेस’ चालवणारे लोक मला माहीत आहेत. बघवत नाही. पण 1860 च्या दशकातला चारचाकी डबा चार इंचांत बसतो. सहा डबे दोन फुटांत, पुढेमागे एकेक छोटं इंजिन धरलं तरी तीन फुटांच्या आत. आणि ती गाडी आखूड वाटत नाही, कारण ते डबेच मुळात आखूड होते.

वरच्या टोकाला आणखी एक घटना होती. 1867 च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा व्हायाडक्ट कोसळला आणि तिथला मार्ग वळवावा लागला. मला मूळचा मार्ग हवा होता. म्हणून ठरलं: एप्रिल 1865. ऊन, वाळलेलं गवत, उद्घाटनाला दोन वर्षं झालेली, बांधकामाचे ओरखडे अजून डोंगरावर ताजे.

खेकडा काचेच्या कपाटात गेला. पाहुणे आले की सगळ्यात आधी त्याच्याकडेच जातात, ते सोडा.

डोंगराने दिलेली जागा

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तिथे येतो.

पहिले काही महिने मी रिव्हर्सिंग स्टेशनाकडे एक ‘दृश्य’ म्हणून पाहत होतो: चांगलं दिसतं, लेआउटवर हवं. बर्कलेंचा निबंध पुन्हा वाचताना कधीतरी लक्षात आलं की हे दृश्य नसून जागेच्या टंचाईवरचा तोडगा आहे. चढत्या रुळाला वळसा घालून वर न्यायला डोंगराने जागाच दिली नव्हती. मोठं वळण घ्यायला रुंदी हवी, आणि समोर होता कडा. मग अभियंत्यांनी काय केलं, तर रूळ कड्यापर्यंत नेला, थांबवला आणि उलट दिशेने वर काढला. शेवटचा डबा पहिला झाला. वळण न घेता गाडी वळली.

माझी अडचण हुबेहूब हीच होती! अकरा फुटांची भिंत, शेवटी कोपरा, वळायला जागा नाही. बाकीचे मॉडेलवाले अशा वेळी खोलीभर गोल फिरवतात, दारात उचलता येणारा पूल करतात, गुडघ्यावर रांगत आत जातात. मला डोंगराने उत्तर दीडशे वर्षं आधीच देऊन ठेवलं होतं. मी त्याला शोभेची वस्तू समजत होतो.

त्यानंतर आराखडा एका संध्याकाळी उतरला. लांब भिंतीवर डावीकडून खालचा मार्ग निघतो, दहा फूट चढत उजवीकडे फाट्यापाशी येतो. फाट्यापलीकडे शेपूट, कोपऱ्यातून वळून दुसऱ्या भिंतीवर साडेतीन फूट, सपाट. गाडी तिथे थांबते, उलटी फिरते आणि वरच्या मार्गाने दहा फूट चढत पुन्हा डावीकडे. दहा फुटांत 37 ला एकने सव्वातीन इंच चढ मिळतो. दोन्ही मार्ग मिळून डाव्या टोकाला साडेसहा इंचांचं अंतर. तेवढ्यात एक कडा, एक बोगद्याचं तोंड आणि कमानींची एक भिंत आरामात बसते. डाव्या टोकाला दोन्ही मार्ग बोगद्यांत शिरतात. आत उचलता येणारे लाकडी ट्रे आहेत: खालचा ट्रे कर्जत, वरचा लोणावळा. गाडी ट्रेवर आली की ट्रेच उचलून फिरवायचा. बास, संपला लेआउट. एक सांधा, एक बोगदाजोडी, एक व्हायाडक्ट. खऱ्या घाटाचे 25 बोगदे आणि 8 व्हायाडक्ट यांतलं बहुतेक गाळलं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. व्हायाडक्टही कापलाच: मोठ्यांपैकी एक 504 फूट लांब होता, म्हणजे माझ्याकडे साडेसहा फूट. मी दोन फुटांचा केला. कमानींची रुंदी आणि उंची प्रमाणात ठेवली, संख्या कमी केली. पाहणारा कमान पाहतो, कमानी मोजत नाही. (मी मोजतो, पण मी आजारी माणूस आहे.)

रुळांमधलं पाप

1:76 का घेतलं, ते सांगायचं राहिलं. जीआयपीची त्या काळातली इंजिनं इंग्लंडमधून आली. घाटासाठी बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी असलेली सॅडल टँक इंजिनं होती. तशी छोटी सॅडल टँक आणि चारचाकी डबे ब्रिटिश ओओ मापात, म्हणजे 1:76 मध्ये, तयार मिळतात. जीआयपीची नेमकी प्रतिकृती नाहीत ती, पण एकाच कुळातली आहेत. एचओमध्ये, 1:87 मध्ये, ही सोय नाही.

त्याची किंमत रुळांमध्ये मोजावी लागली. आपला ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरचा. 1:76 मध्ये दोन रुळांत 22 मिलिमीटर अंतर हवं. बाजारात मिळणारा ओओ आणि एचओ दोन्हींचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. म्हणजे माझी गाडी खरं पाहता सव्वाचार फुटांहून अरुंद मार्गावर चालते, साडेपाच फुटांच्या जागी. चौथा हिस्सा गायब! भारतीय ब्रॉडगेज करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे दुखणं येतं. एचओमध्ये ते थोडं कमी, 19.3 ऐवजी साडेसोळा. रुंद रूळ हाताने ठोकता येतात, चाकंही बदलता येतात. मी दोन फूट ठोकून पाहिले, एका सांध्यापाशी हात टेकले.

सुटका पुन्हा घाटानेच केली. रुळाची रुंदी डोळ्यात भरते ती समोरून किंवा वरून पाहताना. घाटातला मार्ग डोंगराच्या कपारीत असतो आणि आपण तो दरीच्या बाजूने, आडवा, जरा खालून पाहतो. मी फळी छातीच्या उंचीला लावली. आता आडव्या नजरेला फक्त अलीकडचा रूळ, चाकं आणि दगडी बांध दिसतो. फोटो काढताना मात्र समोरून काढत नाही. कुणी काढला तर विषय बदलतो.

डोंगर थर्माकोल आणि प्लास्टरचा. दगड बसाल्टचा, म्हणून प्लास्टरला आडवे थर दिले. सह्याद्रीचा कडा असा थराथरांनीच दिसतो, उभ्या चिरा त्यावर नंतर येतात. हे मी राजमाची पॉइंटवरून दुर्बिणीने पाहून ठरवलं. मुंबई-पुणे गाड्यांच्या खिडकीत बसून बोगदे मोजण्याचा उद्योगही केला. रुळांवर पायी जायला परवानगी नसते आणि जाऊही नये. खडी म्हणून घाटातूनच आणलेला मुरूम, चहाच्या जुन्या गाळणीतून चाळलेला. नवी गाळणी आणून दिली, प्रकरण मिटलं.

माणसांनी मात्र अडवलं. ब्रिटिश मापाच्या पाकिटात तीस माणसं येतात. उंच टोप्या, झगे, छत्र्या, एक पाद्री. एकाच्याही डोक्याला पागोटं नाही, एकही धोतर नाही. तिसऱ्या वर्गाचा डबा भरायला हे लोक कुठून आणणार? मग टोप्या कापल्या, पुट्टीने पागोटी वळली, झग्यांची लुगडी केली. पाद्री तसाच ठेवला, तो चालून जातो.

चढ आणि उतार

गार्डकाका अधूनमधून येतच होते. गाडी पहिल्यांदा चालवली तेव्हाही होते. मी अभिमानाने म्हटलं, “बघा, अप गाडी चढतेय.” त्यांनी लगेच दुरुस्त केलं. मुंबईकडे जाणारी ती अप, मुंबईपासून लांब जाणारी ती डाउन. घाट चढणारी गाडी डाउन असते आणि उतरणारी अप. रेल्वेच्या भाषेत लोणावळा कर्जतच्या ‘खाली’ आहे. नकाशे, निबंध, अल्बम धुंडाळताना हे मला कुठे अडलंच नव्हतं. वेळापत्रकाचा तक्ता मी पुन्हा लिहिला.

दुसरं ते म्हणाले, “चढते त्याचं काय कौतुक. उतरताना बघ.”

चढताना इंजिन दमतं, एवढंच. उतरताना गाडी हाताबाहेर जाते. आजही घाट उतरणाऱ्या गाड्या कॅच सायडिंगपाशी (बेफाम गाडी अडवणाऱ्या बाजूच्या चढत्या रुळापाशी) थांबून, ताब्यात आहेत हे सिद्ध करूनच पुढे सरकतात. सांधा एरवी सायडिंगकडेच लावलेला असतो. 1865 मध्ये तर सगळ्या डब्यांना एकदम लागणारे ब्रेकच नव्हते. ब्रेकव्हॅनमधली माणसं हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत. हे कळल्यावर मी गाडीची रचना बदलली. सहा प्रवासी डब्यांऐवजी चार, आणि पुढेमागे एकेक ब्रेकव्हॅन. चालवण्याची पद्धतही बदलली: उतरणारी गाडी शेपटीत शिरली की पूर्ण थांबते, मनात वीसपर्यंत मोजायचं, मग सांधा, मग पुढे. आधी मी ती थांबल्या थांबल्या उलटी पळवत असे. वीस आकडे फार नसतात, पण त्या वीस आकड्यांमुळे खेळण्याची गाडी रेल्वे झाल्यासारखी वाटू लागली.

यांत्रिक भानगडी थोडक्यात सांगतो. सपाटीवरून चढ एकदम सुरू केला तर मधला कपलर सुटतो. शेपटीपाशी चढ हळूहळू, एका फुटात वाढवत न्यावा लागला. पुढचं आणि मागचं इंजिन एका वेगाचं नसेल तर मागचं डबे दाबतं आणि कोपऱ्याच्या वळणावर मधला डबा बाहेर पडतो. एक मीटर अंतर दोघांना स्टॉपवॉच लावून पळवलं आणि डीसीसीमधून (प्रत्येक इंजिन वेगळं चालवणाऱ्या डिजिटल यंत्रणेतून) मागच्याचा वेग जरा कमी ठेवला. कोपऱ्यातली त्रिज्या दोन फुटांची आहे, 13 फुटांच्या जागी. ती मी डोंगराच्या खोदणीत, दोन उंच भिंतींमध्ये लपवली आहे.

इंजिनांबद्दल एक कबुली देतो. दोन इंजिनं मी ठेवली ती मुख्यतः दिसायला. कर्जतला गाडीमागे बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लागतात, तोवर खाली उतरून वडा खायचा, हे प्रत्येक मुंबई-पुणेकराच्या रक्तातलं आहे, तेव्हा माझ्या गाडीलाही मागे कुणीतरी ढकलणारं हवं असं वाटलं. शिवाय दोन्ही टोकांना इंजिन असलं की रिव्हर्सिंगवर सोडजोड करावी लागत नाही. एक इंजिन हे काम करील, अशी माझी खात्री होती. सहा हलके डबे तर आहेत.

गेल्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर दोन दिवसांनी, मागचं इंजिन दुरुस्तीला काढलेलं होतं. खोलीत दमट हवा, रुळांवर ओलसर थर. डाउन गाडी एकट्या इंजिनावर ट्रेमधून सोडली. बोगद्याबाहेर आली, व्हायाडक्ट ओलांडला, आणि सहाव्या फुटावर चाकं जागच्या जागी फिरू लागली. गाडी थांबली. मग हळूच, चाकं पुढे फिरत असतानाच, मागे घसरायला लागली. मी हात पुढे केला तोवर ती बोगद्यात जाऊन कर्जतच्या ट्रेवर धडकली. शेवटच्या ब्रेकव्हॅनचा बफर तुटला.

काकांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ हसत होते. मग त्यांनी विचारलं, “चाकं घसरू नयेत म्हणून वाळू टाकली होतीस का रुळावर?”

गाळणीत अजून थोडा बारीक मुरूम शिल्लक आहे. पण मॉडेलच्या मोटरीत तो गेला तर काय होईल, या विचाराने हात थांबतो. तूर्त मागचं इंजिन दुरुस्त होऊन आलं आहे, आणि पावसाळाभर त्याच्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा नियम केला आहे.